गच्चीवरची सातेरीची पेटी, वर्षभराच्या देखभालीसकट: ठाण्यातून रिव्ह्यू

५ पैकी ४ स्टार. एक कुठे कापला ते खाली येईल.

आधी सर्व्हिस काय आहे ते सांगते. ठाण्यातलेच दोघं-तिघं जण आहेत, ते सोसायटीच्या गच्चीवर किंवा बागेत सातेरी (आपली पेटीत पाळता येणारी देशी जात) मधमाश्यांची भरलेली पेटी आणून बसवतात आणि वर्षभर येऊन तिची देखभाल करतात. पेटी, स्टँड आणि आतली वसाहत एकदा पैसे भरले की आपली, देखभालीचं कॉन्ट्रॅक्ट दरवर्षी वेगळं. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, खाली तक्रारी पण आहेत आणि एवढ्याशा धंद्याला एका रिव्ह्यूचा उगाच फटका बसतो. रेटपण लिहीत नाही कारण कितवा मजला, लिफ्ट गच्चीपर्यंत जाते का, सावली आहे का, असं सगळं बघून ते सांगतात.

आता मुख्य गोष्ट पहिल्यांदाच बोलून टाकते. मधासाठी ही पेटी घेणार असाल तर घेऊ नका. सातेरी बिचारी फार मध देत नाही, चांगल्या जागी चांगल्या वर्षी पाच-दहा किलो, गच्चीवर त्याहून कमीच धरून चाला, आमचा पहिल्या वर्षीचा मध बिल्डिंगमधे चमचा चमचा वाटण्यातच संपला. ह्या सर्व्हिसचे पैसे वसूल होतात ते थव्याच्या सीझनला. पाऊस पूर्ण गेला, दिवाळी झाली, फुलं वाढली की वसाहत भराभर वाढते आणि मग एक दिवस निम्म्याहून जास्त माश्या जुन्या राणीला घेऊन घर सोडून निघतात, ह्यालाच थवा सुटणं म्हणतात, आणि त्या आठवड्यात तुमचा माणूस गच्चीवर उभा असतो की फोनवर "उद्या बघतो ताई" म्हणतो ह्यावर सगळं ठरतं. लाकडाची पेटी काय, कोणीही विकेल.

आमची बिल्डिंग वसंत विहारच्या बाजूला, गच्चीवरून येऊरचा डोंगर समोर दिसतो त्यामुळे खाण्यापिण्याची सोय उत्तम, रस्त्यावर करंज आणि सोनमोहोर, कंपाऊंडमधे शेवगा, नारळ, शिवाय जांभळाची झाडं, एकाचा बहर संपेपर्यंत दुसऱ्याचा सुरू. माझी गच्चीवर कुंड्यांमधे भाजी आहे, दुधी आणि काकडीला फळ धरत नव्हतं, कळ्या पिवळ्या पडून गळायच्या, म्हणून हे सगळं सुरू केलं. त्या बाबतीत पैसे शंभर टक्के वसूल, दुधी आता शेजाऱ्यांना जबरदस्तीने द्यावा लागतो.

बसवायला आले तेव्हा दादांनी (वयाने माझ्याहून लहान आहेत पण सगळी बिल्डिंग दादाच म्हणते) पेटीला हात लावायच्या आधी सेक्रेटरींना विचारलं की बिल्डिंगमधे कोणाला मधमाशी चावल्याची जोरदार अॅलर्जी आहे का, अंगभर पित्त उठणं, श्वास लागणं असं कधी झालंय का. मला हे फार आवडलं, कारण बाकी दोन ठिकाणी फोन केला होता तिथे कोणीच हा प्रश्न विचारला नव्हता. मग पेटीचं तोंड गच्चीच्या कठड्याकडे वळवून ठेवलं म्हणजे माश्या बाहेर पडल्या की कठड्यावरून सरळ वर चढतात आणि कपडे वाळत घालणाऱ्यांच्या तोंडावर येत नाहीत. वर शेडनेट बांधली, बाजूला पाण्याच्या थाळीत दगड ठेवले. पेटी साधी आहे, खाली अंडी-अळ्यांचा कप्पा, वर मधाचा कप्पा, आणि माश्या ज्यात पोळं बांधतात त्या सरकत्या फ्रेम. झाकणाचा पत्रा मात्र पहिल्याच पावसात एका कोपऱ्यातून उचलला गेला, बदलून दिला, पण मी मागे लागले तेव्हा.

स्टँडच्या पायांखाली वाट्या असतात, मुंग्या चढू नयेत म्हणून. सुरुवातीला त्यात पाणी होतं. महापालिकेचे डासांच्या अळ्या तपासणारे लोक गच्चीवर आले आणि त्यांनी वाट्यांकडे बघून असं काही तोंड केलं की विचारू नका. तेव्हापासून त्यात गाडीचं जुनं ऑइल. ज्यांच्या गच्चीवर असा स्टँड आहे त्यांनी हे आजच करा.

आता थव्याचं.

यूट्यूबवर ह्या विषयावर ढीगभर व्हिडिओ आहेत पण ते जवळजवळ सगळे युरोपियन माशीचे, मोठ्या पेट्या, मोठ्या वसाहती, तिकडचे ऋतू. आपली सातेरी वेगळी आहे, वसाहत लहान, थवा सोडायची हौस जास्त, आणि जरा मनाविरुद्ध झालं की सगळं आवरून पळून जायची सवय, त्यामुळे तिकडचं ऐकून इकडे काही करायला गेलात तर पेटी रिकामी. दादांचं ट्रेनिंग पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेतलं, ही संस्था १९६२ पासून आहे, आणि मग काही दिवस महाबळेश्वर भागातल्या मधपाळांबरोबर काढलेत, तिकडचं मांघर २०२२ मधे मधाचं गाव म्हणून जाहीर झालं ते सगळ्यांना माहीत असेलच. हे सांगायचं कारण, माणूस सातेरीवरच शिकलाय आणि ते कळतं.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. थवा सुटणं हा रोग नाही की माश्या तुमच्यावर रागावल्यात असंही नाही. राणी रोज अंडी घालते, त्यातून वसाहतीत माश्या वाढतात, पण एका वसाहतीच्या दोन व्हायच्या तर ह्या एकाच रस्त्याने होतात. आत गर्दी झाली, कोवळ्या माश्या भरपूर झाल्या पण त्यांना करायला काम उरलं नाही, अंडी घालायच्या जागेत मकरंद भरला गेला, राणीच्या अंगाचा जो वास सगळ्यांना एकत्र बांधून ठेवतो तो गर्दीत शेवटच्या माशीपर्यंत पोचेनासा झाला, की कामकरी माश्या नवीन राणीची तयारी सुरू करतात. राणी जुनी असेल तर हे आणखी लवकर, कारण वासच कमी पडतो.

पेटी तपासताना मी आता प्रत्येक वेळी शेजारी उभी असते. स्मोकरमधे नारळाच्या शेंड्या पेटवून दोन-तीन हलके झोत द्यायचे, झाकण काढायचं, आणि एकेक फ्रेम उभीच धरून वर उचलायची, आडवी केली तर कोवळं पोळं सुटून खाली पडतं. सगळे लोक मधे काय आहे ते बघतात, दादा आधी खालची कड बघतात. तिथे पहिल्यांदा नरांची घरं दिसतात, जरा फुगीर मेणाची टोपी आणि टोपीच्या मधोमध सुईने टोचल्यासारखं बारीक भोक, हे भोक सातेरीच्या नरांच्या घरांनाच असतं. नर वाढले म्हणजे तयारी सुरू झाली. मग त्याच कडेला खाली तोंड करून लोंबणारं राणीघर, आकाराने भुईमुगाच्या शेंगेएवढं आणि तसंच खडबडीत. नुसती रिकामी वाटी असेल तर काही नाही, त्या तर वर्षभर करून ठेवतात. फ्रेम उन्हाकडे तिरकी करून आत बघायचं, पांढऱ्या दाटसर राजान्नात (राणीच्या अळीचं खास खाणं) अळी लोळताना दिसली की समजायचं घड्याळ सुरू झालं.

आणि इथेच कॉन्ट्रॅक्टची गोची आहे. अंड्यापासून राणी बाहेर यायला साधारण १६ दिवस लागतात. तीन दिवस अंडं, पुढचे पाचेक दिवस अळी, मग राणीघराला टोपी लागते, आणि जुनी राणी थवा घेऊन निघते ती बहुतेक वेळा ह्या टोपीच्याच सुमाराला. म्हणजे अंडं घातल्यापासून आठ-नऊ दिवसांत खेळ खलास. कॉन्ट्रॅक्टमधे लिहिलंय "दर पंधरा दिवसांनी व्हिजिट". आता मला सांगा, आज तपासून गेले आणि उद्या राणीने त्या वाटीत अंडं घातलं तर पुढच्या व्हिजिटपर्यंत थवा सुटून, नवीन जागी बसून, त्यांचं घरटं अर्धं बांधूनही झालं असणार. सीझनमधे व्हिजिट आठवड्याला हवी, हे गणित त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं, तरी छापील कागदावर पंधरा दिवसच कारण इतर महिन्यांना तेवढं पुरतं आणि सीझनमधे प्रत्येक गच्चीवर दर आठवड्याला पोचायला माणसं नाहीत. कापलेला एक स्टार तो हाच. वर पहिल्या सीझनला पंधरा दिवसांची व्हिजिट पण पुढे ढकलली गेली, घोडबंदर रोडला दुसऱ्या कोणाकडे काम निघालं आणि ट्रॅफिकमधे अडकलो वगैरे.

व्हायचं तेच झालं. साडेदहा-अकराची वेळ, स्वच्छ ऊन, गच्चीवरून एकदम आवाज वाढला आणि पेटीच्या दारातून माश्या अक्षरशः ओतल्या जाव्यात तशा बाहेर पडायला लागल्या, हवेत गोल गोल, पूर्ण गच्ची भरून. दहा-पंधरा मिनिटांत सगळा थवा खाली पार्किंगच्या कडेच्या शेवग्याच्या फांदीवर जाऊन बसला, एकमेकींना धरून लोंबकळणारा, वरून तपकिरी आणि सतत हलणारा.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय झालं ते तुम्ही समजू शकता. "आग्या आलाय", "मुलांना खाली सोडू नका", "फायर ब्रिगेडला फोन करा", तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबरच टाकला. मी फक्त दादांना फोन लावला. त्यांनी पहिलं काय सांगितलं तर वॉचमनला झाडाखाली उभं करा, कोणी दगड मारायचा नाही, पाणी मारायचं नाही, धूर करायचा नाही, मी निघालोय. आणि खरंच दुपारच्या जेवणाच्या आधी आले, ह्याबद्दल मात्र पूर्ण मार्क.

इथे एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, तुमच्याकडे पेटी असो नसो. असा नुसता लोंबकळणारा थवा, ज्याच्यात पोळं नाही, तो बहुतेक वेळा अतिशय शांत असतो. घर सोडताना प्रत्येक माशी पोटभर मध पिऊन निघालेली असते आणि राखायला त्यांच्याकडे ना अळ्या असतात ना साठा. डिवचलं तर चावतीलच, पण आपणहून अंगावर यायचं त्यांना काही कारण नसतं. काही तास, फार तर एखाद-दोन दिवस थांबतात आणि जागा ठरली की उडून जातात. आग्या वेगळा, तो उंच टॉवरच्या छज्जाखाली नाहीतर मोठ्या झाडाला एकच भलंमोठं पोळं उघड्यावर बांधतो आणि डिवचला तर पाठलाग करतो, त्याच्या वाटेला कोणी जाऊ नये, तो पेटीत राहत नाही आणि ही सर्व्हिस आग्याला हात लावत नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. घोडबंदरच्या टॉवरवाल्यांनी ह्यांना आग्यासाठी फोन करून उपयोग नाही.

थवा फांदीवर थांबतो तेव्हा आत काय चाललेलं असतं हे मला सगळ्यात भारी वाटलं. अनुभवी माश्या आजूबाजूला घर शोधायला जातात, भिंतीतली पोकळी, झाडाची ढोली, एसीच्या मागची जागा, आणि परत येऊन त्याच थव्याच्या पाठीवर नाचून सांगतात कुठे आणि किती लांब. मार्टिन लिंडाउर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला १९४९ मधे म्युनिकमधे अशा थव्यावर नाचणाऱ्या माश्या काजळीने काळ्या आणि विटांच्या धुळीने लाल झालेल्या दिसल्या, तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की ह्या फुलांचं नाही, धुराड्यांमधल्या आणि पडक्या भिंतींमधल्या घरांचं सांगतायत. त्याचे गुरू कार्ल फॉन फ्रिश, माशीच्या नाचाचा अर्थ लावणारे, त्यांना १९७३ मधे नोबेल मिळालं. सुरुवातीला वेगवेगळ्या माश्या वेगवेगळ्या जागांसाठी नाचतात, चांगल्या जागेसाठी नाच जास्त वेळ चालतो, तो बघून आणखी माश्या ती जागा बघून येतात, आणि शेवटी सगळ्यांचं एका जागेवर जमतं. आमच्या सोसायटीच्या एजीएममधे पार्किंगचा विषय किती वर्षं चाललाय ते मी इथे लिहीत नाही.

दादांनी पकडला तो असा. वेताची टोपली, आत बाहेर स्वच्छ कापड गुंडाळलेलं, आतून जरा जुनं मेण चोळलेलं. शिडीवर चढून टोपली उपडी थव्याच्या डोक्यावर टेकवली, खालून पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला म्हणजे माश्या उडत नाहीत, आणि एका पिसाने हळूहळू वर सारत राहिले. माश्यांना अंधारात वर चढायची ओढ असते. अर्ध्या तासात टोपलीच्या कडेला काही माश्या शेपटाकडची बाजू वर करून जोरात पंख मारायला लागल्या, दादा म्हणाले "झालं ताई, राणी आत गेली, आता ह्या बाकीच्यांना वास देऊन बोलावतायत". खरंच उरलेल्या एकेक करून आपणहून आत. खाली जमलेली मुलं टाळ्या वाजवत होती, ज्यांना सकाळी घरात कोंडलं होतं तीच. संध्याकाळी अंधार पडल्यावर टोपली नव्या पेटीत झटकली, एक अळ्यांची फ्रेम जुन्या पेटीतून काढून दिली कारण अळ्या दिसल्या की माश्या सोडून जायचा विचार करत नाहीत, दाराला राणी अडवणारी जाळी लावली, आत साखर आणि पाणी समान घेऊन केलेला पाक ठेवला.

त्या जाळीबद्दल दोन शब्द, कारण ऑनलाइन ती "थवा सुटू नये म्हणून" विकली जाते आणि लोक घेऊन कायमची लावून ठेवतात. त्यातून कामकरी माशी जाते, राणीचं अंग मोठं म्हणून अडकते. चार-पाच दिवस ठीक आहे. पण कायम ठेवलीत तर नर आत अडकून मरतात, दार तुंबतं, आणि नवीन राणी असेल तर ती लग्नाच्या उड्डाणाला बाहेरच पडू शकत नाही, म्हणजे अंडीच नाहीत, म्हणजे वसाहत संपली. राणीचे पंख कापण्याचा उपायही काही जण सांगतात, दादांनी नाही म्हणून सांगितलं, थवा निघतो तो निघतोच, राणी उडता न येऊन खाली पडते, मुंग्या खातात, आणि थवा परत येऊन थोड्या दिवसांनी नव्या राणीबरोबर पुन्हा निघतो.

राणीघरं चिमटून टाका हा तिसरा लोकप्रिय सल्ला. त्याने आठवडा मिळतो, बस. गर्दी तशीच असते म्हणून पुन्हा बांधतात, आणि माश्यांच्या गर्दीत एखादं नजरेतून सुटलं की संपलं. उलट थवा निघून गेल्यावर घाबरून सगळी चिमटलीत तर मागे राहिलेल्या वसाहतीला राणीच उरत नाही, आणि सातेरीत मग कामकरी माश्याच अंडी घालायला लागतात, ज्यातून फक्त नर निघतात. आमच्या जुन्या पेटीत थवा गेल्यावर पुष्कळ राणीघरं होती, दादांनी त्यातली एक चांगली भरदार ठेवली, तिच्या जोडीला आणखी एक, बाकी काढली. सगळी ठेवली असती तर पहिली राणी बाहेर आल्यावर तिच्याबरोबर दुसरा थवा, मग तिसरा, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, आणि शेवटी पेटीत मूठभर माश्या आणि पोळं खाणारा मेणकिडा.

दुसऱ्या सीझनला त्यांनी मला मेसेज करून आधीच तारीख दिली आणि आले. आता मुद्दाम लिहिते कारण हेच खरं काम आहे. खालच्या कप्प्यात फ्रेम गच्च होत्या, आधी वर मधाचा कप्पा चढवून जागा दिली, जुनी काळी पडलेली एक फ्रेम काढून रिकामी घातली. पुढच्या व्हिजिटला तरी राणीघरात अळी दिसलीच, टोपी लागायला टेकलेली. मग थवा सुटायची वाट न बघता त्यांनी वसाहतीचं विभाजन केलं. जुनी राणी शोधली (बराच वेळ लागला, सातेरी धुरात सैरावैरा पळते आणि राणीसुद्धा), तिला तीन फ्रेम अळ्या-अंडी आणि त्यावरच्या माश्यांसकट नवीन पेटीत हलवलं, आणि एक चांगलं राणीघर जुन्या पेटीत ठेवलं. म्हणजे माश्यांना जे करायचं होतं ते झालं, फक्त शेवग्यावर न होता पेटीत झालं. आणखी दोन फ्रेमच्या माश्या नवीन पेटीत झटकल्या, कारण बाहेर फिरणाऱ्या म्हाताऱ्या माश्या नवीन पेटीतून निघाल्या की सवयीने जुन्याच जागी परततात आणि नवीन पेटीत फक्त कोवळ्या उरतात. त्याच संध्याकाळी ती पेटी तोंड बंद करून दुसऱ्या कोणाच्या शेतावर नेली. त्याचे पैसे त्यांनी देखभालीतून वजा केले, मी न मागता.

जुन्या पेटीला नंतर दोन-अडीच आठवडे हात लावायचा नाही असं बजावलं होतं. नवी राणी बाहेर येते, तिचं उड्डाण होतं, मग अंडी सुरू होतात, त्या मधल्या काळात रोज उघडून बघणाऱ्या हौशी लोकांच्या राण्या हरवतात. उघडली तेव्हा फ्रेमच्या मधोमध घराच्या तळाला उभं असलेलं एकेक अंडं, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक. सेक्रेटरींना टॉर्च मारून दाखवलं, त्यांना शेवटपर्यंत दिसलं नाही पण हो हो म्हणाले.

एक गैरसमज आमच्या ग्रुपवर अजून फिरतो तो म्हणजे पेटीच्या दाराबाहेर माश्यांचा झुपका लोंबला की थवा निघालाच. एप्रिल-मेच्या उकाड्यात संध्याकाळी त्या नुसत्या हवा खायला बाहेर बसतात. शेडनेट नीट करा, पाणी ठेवा, जातील आत. थव्याची खूण खालच्या कडेला असते, दाराबाहेर नसते.

आणि थवा वेगळा, पळून जाणं वेगळं. थव्यात वसाहतीचा काही भाग मागे राहतो, राणीघरं असतात, मध असतो. पळून जातात तेव्हा सगळ्याच जातात, राणीसकट, पेटीत नुसती कोरडी पोळी उरतात. कारणं साधी असतात, पावसाळ्यात खायला नाही, मेणकिडा, मुंग्या, ऊन, किंवा रोज उठून पेटी उघडणारा मालक. जुलै-ऑगस्टमधे ठाण्याचा पाऊस तुम्हाला माहितीये, दिवसच्या दिवस माशी बाहेर पडू शकत नाही, तेव्हा पाक द्यावाच लागतो, तोही पेटीच्या आत आणि संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या येऊन लुटतात. ह्या महिन्यांत दादांची सर्व्हिस ढिली आहे. पाऊस म्हणून येत नाहीत आणि पावसातच गरज असते. पाक मी स्वतः ठेवायला शिकले, तळाची फळी ओढून त्यावरचा मेणाचा भुगा पुसायला शिकले कारण मेणकिड्याच्या अळ्या तिथेच वाढतात. कॉन्ट्रॅक्टचे पैसे भरून हे आपण का करायचं हा प्रश्न रास्त आहे. पाव स्टार त्याचाही कापायला हवा पण पाव कापायची सोय नाही.

कोणी घ्यावी? ज्यांच्या गच्चीवर निदान सकाळचं ऊन आणि दुपारी सावली आहे, आजूबाजूला झाडं आहेत, कमिटी बरी आहे, आणि घरात एक तरी माणूस असा आहे ज्याला दोन मिनिटं पेटीसमोर उभं राहून बघायचा कंटाळा नाही. येऊर, वसंत विहार, उपवन, वर्तकनगर ह्या पट्ट्यात मस्त चालेल. खाडीकडच्या बाजूला कोलशेत वगैरे तिवरांच्या जवळ असाल तरी फुलं आहेत, पण तिथे वेडे राघू तारेवर बसून माश्या टिपत असतात, ते गृहीत धरा. बिल्डिंगमधे पेस्ट कंट्रोलची फवारणी ठरलेली असेल तर आदल्या रात्री पेटीचं तोंड बंद करायला दादांना कळवा, आमच्याकडे हे आता नोटीस बोर्डावर लिहिलेलं असतं. घरात कोणाला खरी अॅलर्जी असेल तर नकोच.

चावतात का, हो, मला चावल्यात, घामट हाताने फ्रेमजवळ बोटं नेली की चावतात. काटा लगेच काढायचा, नखाने खरवडून की चिमटीत धरून ह्याने फरक पडत नाही, उशीर केला तर विष जास्त जातं.

पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू केलंय. फक्त ह्या वेळी छापील फॉर्मवर "दर पंधरा दिवसांनी" खोडून पेनाने "दिवाळी ते मार्च दर आठवड्याला, पावसाळ्यात महिन्यातून दोनदा पाकासकट" असं लिहून घेतलं आणि त्याखाली सही. दादा थोडे कुरकुरले, दीड हजार जास्त लावले, पण सही केली. तुम्ही घेणार असाल तर हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या.